आठ महिने घरी आहे. पुढचे पाऊल उचलतच नाही

काळी कसदार (धागाकर्ता) | ४ मे २०२४, रात्री ११.४०

मी या मंचाचा जुना वाचक आहे. लिहिण्याची ही पहिलीच वेळ. वय ३३, गाव धाराशिव जिल्ह्यात, शिक्षण बी.एस्सी. कृषी. २०१५च्या जूनमध्ये स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याला गेलो आणि गेल्या वर्षी गणपती उठल्यावर परत आलो. मधल्या काळात राज्यसेवेची मुख्य परीक्षा तीनदा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचलो आणि अंतिम यादीत चार गुणांनी राहिलो. ज्यांनी ती दुनिया पाहिली आहे त्यांना बाकीचे सांगायला नको: सदाशिव पेठेतली कॉट, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसचा डबा आणि दर निकालानंतर कोणाची तरी पोस्ट निघाल्याचे पेढे.

वडिलांच्या गुडघ्याचे दुखणे वाढले म्हणून महिनाभरासाठी आलो होतो. पुस्तकांची चार पोती माळ्यावर ठेवली, ती अजून सुतळीने बांधलेलीच आहेत.

अडचण अशी की माझ्यापुढे मार्गच नाहीत असे नाही. एका खत कंपनीत क्षेत्र प्रतिनिधीची जागा होती, म्हणून नोव्हेंबरमध्ये मी बायोडेटा लिहायला घेतला. शिक्षण लिहून झाले. 'अनुभव' या शब्दाखाली '२०१५ ते २०२३' एवढे लिहिले, पुढे काय लिहावे ते सुचेना, म्हणून फाइल बंद केली. ती फाइल मी आजवर किमान चाळीस वेळा उघडली असेल, पण त्या ओळीपुढे अजून एक शब्द पडलेला नाही. किराणा दुकानात मी दुपारी दोन वाजता जातो, कारण त्या वेळी पारावर कोणी नसते आणि 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न टळतो.

खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्याने परीक्षेचे दारही अजून उघडे आहे, त्यामुळे 'सोडली' असे मला कोणाला सांगता येत नाही आणि 'देतोय' असेही सांगता येत नाही. प्रेरणादायी भाषणे भरपूर ऐकून झाली. रात्री अकराला ऐकले की अंगात बळ येते आणि सकाळी सातला त्यातले काही उरलेले नसते. माझा प्रश्न एवढाच आहे की गेलेला आत्मविश्वास माणूस परत कसा मिळवतो. ज्यांनी मिळवला आहे त्यांनी नेमके काय केले ते सांगावे.

स्पष्टवक्ता | ५ मे, सकाळी ७.१५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. ज्याच्या घरी जमीन आहे आणि दोन वेळा वाढलेले ताट समोर येते त्यालाच आत्मविश्वास शोधत बसणे परवडते. १९८२च्या संपानंतर माझ्या वडिलांची गिरणी सुटली तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते की तुमचा आत्मविश्वास शाबूत आहे का. त्यांनी भाजीची पाटी घेतली आणि रस्त्यावर बसले. तुम्हीही उद्या उठा आणि मिळेल ते काम धरा.

नाशिककरीण | ५ मे, दुपारी ३.०५

स्पष्टवक्ता, तुमच्या वडिलांविषयी पूर्ण आदर राखून एक विचारते. गिरणीत साचा चालवणाऱ्या माणसाला भाजी कोठून उचलायची, कोणत्या भावाने घ्यायची आणि कोणत्या कोपऱ्यावर बसले तर कोणी हुसकावणार नाही, हे पहिल्या दिवशी कसे कळले असेल? कोणी तरी सोबत गेलेच असणार. घरी विचारून पाहा.

काळी कसदार, आता तुमच्यासाठी. मी परीक्षा कधी दिल्या नाहीत, पण तुमची ती रिकामी ओळ माझ्याही बायोडेटात होती आणि ती बारा वर्षांची होती. बी.कॉम. झाल्यावर मी एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करत होते. २००९ मध्ये मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली आणि २०२१ मध्ये पुन्हा काम करावे लागले, कारण घरातली मिळकत निम्म्यावर आली. मला येत होता तो व्हॅट, जो २००५ मध्ये आला आणि मी घरी असताना १ जुलै २०१७ रोजी गेलासुद्धा. जीएसटी हा शब्द मला हॉटेलच्या बिलावरून ठाऊक होता, त्यापलीकडे नाही. नवऱ्याने 'तू हुशार आहेस, जमेल तुला' असे इतक्यांदा सांगितले की शेवटी मी त्यांच्यावर चिडले. हुशार असूनही जमत नसेल तर माझ्यातच काही मोडले आहे, असा त्याचा अर्थ मी लावत होते.

माझ्या वन्सं करसल्लागार आहेत. त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. फक्त 'उद्यापासून अकरा ते दोन माझ्याकडे येऊन बस, पगार विचारू नकोस' असे सांगितले. पहिले आठ दिवस मी खरेदीची बिले तारखेप्रमाणे लावत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत पहिली दहा बिले माझ्यासमोर स्वतः भरली, पुढची दहा मला भरायला लावून त्या नुसत्या पाहत बसल्या, आणि त्यानंतरच्या दहांच्या वेळी चहा करायला म्हणून आत गेल्या. दोन कप चहाला पंचवीस मिनिटे लागत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

महिनाअखेरीस जीएसटी पोर्टलवरच्या २बी तक्त्याशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीशी, आमचा ताळा जुळेना. वन्सं म्हणाल्या, 'बघ तू.' मी दीड तास बिले पुन्हा चाळली. वापीहून आलेल्या एका मालाच्या बिलावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक २४ने सुरू होत होता, म्हणजे तो गुजरातचा होता. त्यावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा कर, लागलेला होता आणि मी सवयीने १८ टक्क्यांचे नऊ-नऊ असे दोन भाग करून तो सीजीएसटी आणि एसजीएसटी या राज्यातल्या राज्यात लागणाऱ्या केंद्राच्या आणि राज्याच्या करांमध्ये टाकला होता. चूक माझी होती आणि ती सापडलीही मलाच. त्या संध्याकाळी फार काही थोर वाटले असे नाही. उद्या यायला हरकत नाही, एवढेच वाटले. आज मी अकरा व्यापाऱ्यांची विवरणपत्रे भरते, तरीही बँकेच्या व्यवस्थापकासमोर बोलताना माझा घसा कोरडा पडतो. तेव्हा आत्मविश्वास 'परत मिळाला' असे मी म्हणणार नाही. जे काम हाताखालून गेले तेवढ्यापुरता तो आला.

शास्त्री रोड | ५ मे, रात्री ९.५०

ताईंचा अनुभव चांगला आहे, परंतु या चर्चेचा रोख मला पटत नाही. हा एका माणसाच्या आत्मविश्वासाचा प्रश्न नाही. एप्रिल २०२० मध्ये व्हायची असलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा कितीदा पुढे गेली ते आम्ही भोगले आहे. १४ मार्च २०२१च्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना, ११ तारखेला ती पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्यांत मीही होतो. रस्त्यावर बसलो म्हणून तर ती २१ मार्चला झाली. पुढे मुख्य परीक्षेत पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरे लिहिण्याच्या, म्हणजे वर्णनात्मक, पद्धतीचा निर्णय आला, त्यावर २०२३ मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि ती पद्धत २०२५पासून लागू करण्याचे ठरले. म्हणजे कोणत्या पद्धतीच्या परीक्षेची तयारी करायची हेच मध्ये कित्येक महिने पक्के नव्हते. जागा किती, जाहिरात कधी, निकाल कधी आणि नियुक्ती कधी, यांपैकी काहीही उमेदवाराच्या हातात नसते. अशा व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाला 'तुझा आत्मविश्वास वाढव' असे सांगणे म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणे आहे.

निवांत | ६ मे, सकाळी १०.३०

मी ठाणे परिसरात समुपदेशक म्हणून काम करतो. 'शास्त्री रोड' यांचा मुद्दा मला या चर्चेला सोडून वाटत नाही. उलट प्रश्नाचे मूळ तेथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन, स्टीव्हन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. आज ते क्रूर वाटतात आणि ते होतेही. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले गेले की त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना एका पेटीत ठेवले, जिच्या मधोमध बुटका अडसर होता आणि तो ओलांडला की झटका चुकत असे. पहिला अनुभव नसलेले कुत्रे लवकरच उडी मारायला शिकले. आधी निरुपाय भोगलेल्यांपैकी बहुतेक कुत्रे मात्र कण्हत जागीच बसून राहिले. आपण काही केल्याने काही बदलत नाही, हे ते शिकले आहेत, असा अर्थ संशोधकांनी तेव्हा लावला आणि त्याला 'शिकलेली असहायता' असे नाव दिले. 'आपल्या हातात काहीही नव्हते' असे जे वर्णन 'शास्त्री रोड' यांनी केले आहे, ते या प्रयोगाच्या पहिल्या भागाच्या फार जवळ जाते.

मात्र या कथेचे पुढचे दोन भाग फारसे सांगितले जात नाहीत. पहिला असा की त्या कुत्र्यांना पुन्हा हलवण्यासाठी काय काय करून पाहिले गेले. अडसर काढून टाकला, पलीकडून हाका मारल्या, पलीकडे खाणे टाकले. कुत्रे हलले नाहीत. शेवटी गळ्यातल्या पट्ट्याला धरून त्यांना पलीकडे ओढत न्यावे लागले, तेही एकदा-दोनदा नव्हे, वारंवार. हळूहळू ओढायला लागणारे बळ कमी होत गेले आणि मग ते आपण होऊन उडी मारू लागले. दुसरा भाग असा की जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मायर आणि सेलिगमन यांनीच आपला मूळ अर्थ उलटा होता असे मांडले. दीर्घ त्रासात निश्चल होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे, आणि मेंदूचा पुढचा भाग ते शिकला की तो त्या निश्चलतेला आवर घालतो. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे प्रश्नच बदलतो. काळी कसदार, तुमचे काही हरवलेले नाही, त्यामुळे ते शोधूनही सापडणार नाही. एक गोष्ट नव्याने आणि फार लहान मापात शिकायची आहे.

आत्मविश्वासाविषयी बोलताना आपण विहिरीच्या पाण्यासारखे बोलतो, म्हणजे पातळी वर किंवा पातळी खाली. स्टॅनफर्डमधील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'स्वक्षमते'ची जी कल्पना मांडली ती याहून वेगळी आहे: अमुक एक काम मला करता येईल ही धारणा, आणि ती कामागणिक वेगळी. तुम्हाला आज कोणी राज्यघटनेवर प्रश्न विचारला तर तुम्ही अडखळणार नाही, पण पारावरून चालत जाणे तुम्हाला जमत नाही. ही धारणा कशातून येते याचे बांडुरांनी चार स्रोत सांगितले. स्वतः केलेले काम हा त्यांतला सर्वांत बळकट. त्यानंतर आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणे, दुसऱ्याने धीर देणे आणि शरीराची त्या वेळची अवस्था. रात्री अकराची भाषणे तिसऱ्या प्रकारात मोडतात. हातून काही घडल्याचा पुरावा मागे नसेल तर ती सकाळपर्यंत टिकत नाहीत, यात तुमचा दोष नाही.

बांडुरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर केलेले काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना इतर लोक साप हाताळतानाचे चित्रपट दाखवले, काहींना शिथिलीकरणाच्या जोडीने सापाची कल्पना करायला लावली, आणि एका गटासोबत मदतनीस स्वतः राहिला. त्याने आधी साप हातात घेतला, मग या माणसाला हातमोजे घालून सापाच्या मधल्या भागाला स्पर्श करायला लावला, मग हातमोज्यांशिवाय, आणि दर टप्प्याला तो स्वतः थोडा मागे सरत गेला. सर्वांत चांगला परिणाम याच गटात दिसला. मदतनिसाचे मागे सरणे यात फार महत्त्वाचे, कारण तो शेवटपर्यंत चिकटून राहिला तर यश त्याच्या खात्यावर जमा होते. नाशिकच्या वन्संनी बांडुरा वाचले असण्याची शक्यता कमी आहे; त्यांचा पंचवीस मिनिटांचा चहा मात्र तंतोतंत हेच करतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींतला रस हे दोन आठवड्यांहून अधिक काळ गेले असतील, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर हा प्रश्न आत्मविश्वासाचा राहत नाही आणि या धाग्यावर थांबू नये. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

काळी कसदार | ७ मे, पहाटे ५.२०

सर्वांचे आभार. निवांत सर, झोप ठीक आहे आणि जेवण आईच्या धाकाने होते. तसे विचार मार्चमध्ये दोन रात्री आले होते, पुन्हा आलेले नाहीत. काल तुम्ही दिलेला क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी अर्धा तास ऐकून घेतले आणि १५ दिवसांनी पुन्हा बोलायचे ठरले आहे.

कुत्र्यांचा प्रसंग वाचून मी बराच वेळ बसून होतो. माझ्याबरोबरच्या एका मुलाची गोष्ट त्यावरून आठवली. निकालाच्या दिवशी तो यादी स्वतः कधी उघडत नसे. दुसऱ्याला उघडायला सांगे आणि आपण जिन्यात उभा राहत असे. तेव्हा आम्ही त्याला हसायचो.

स्पष्टवक्ता, तुमचा राग मी मानलेला नाही. 'मिळेल ते काम' हे मी स्वतःला रोजच सांगतो. पण 'मिळेल ते' यातले काहीच डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

स्पष्टवक्ता | ७ मे, दुपारी १.१०

नाशिककरीण यांनी विचारले म्हणून काल आईला फोन केला. आमच्या चाळीत खालच्या खोलीत एक मावशी होत्या, त्या भाजी विकत. वडील संपानंतर दोन महिने घरातच पडून होते, हे मला आजवर ठाऊक नव्हते. एके दिवशी पहाटे चारला त्या मावशींनी दार वाजवून त्यांना भायखळ्याच्या मंडईत नेले. पहिला आठवडा वडील फक्त त्यांची पाटी उचलत होते. मी वर जे लिहिले ते घाईने लिहिले.

निवृत्त मास्तर | ८ मे, सायंकाळी ६.४५

माझी मुलगी पुण्यात पाचव्या वर्षी तयारी करत आहे, म्हणून हा धागा मी दोनदा वाचला. आम्ही नवरा-बायको तिला दर रविवारी फोन करतो आणि 'आम्हाला तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे' असे न चुकता म्हणतो. निवांत यांचे लिखाण वाचल्यावर शंका आली की हे वाक्य तिला धीर देते की ओझे होते. पालकांनी नेमके काय करावे?

निवांत | ८ मे, रात्री १०.००

मास्तर, ते वाक्य वाईट नाही, परंतु ते निकालावरच्या विश्वासासारखे ऐकू येते आणि निकाल तिच्या हातात नाही. त्याऐवजी आज तिने केलेल्या एखाद्या ठोस गोष्टीविषयी विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. दुसरे असे की किती प्रयत्न करायचे, हे परीक्षेच्या आधी, डोके शांत असताना तिच्याशी ठरवून लिहून ठेवा. निकालाच्या आठवड्यात कोणतीही मर्यादा ठरत नाही. 'चार गुणांनी गेले' हे चार गुण पुढची तीन वर्षे मागून घेतात. गेलेल्या वर्षांचा हिशेब मिटवण्यासाठी माणूस आणखी वर्षे लावतो, आणि घरचे लोकही 'एवढे केले तर आणखी एकदा' असे म्हणून त्याला हातभार लावतात.

आणि घरी परत आलीच, तर तिला पाहुण्यांपासून लपवू नका. लपवल्याने 'हे लपवण्यासारखे आहे' एवढेच तिला कळते.

शास्त्री रोड | ९ मे, सकाळी ८.३०

निवांत सर, तुमचे विवेचन पटले. तरी माझा आग्रह कायम आहे की पट्टा धरून पलीकडे नेणारे कोणी असेलच असे नाही. प्रत्येकाला वन्सं नसतात. पुण्यात मी तीन वर्षे ज्या खोलीत राहिलो तेथे आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण एकाच पेटीत बसलेले होतो.

बांधावरून | ९ मे, रात्री ८.१५

मी या चर्चेत उशिरा आलो. लातूर-बार्शी रस्त्यावर माझे कृषी सेवा केंद्र आहे. धागाकर्त्यांनी गावाचे नाव लिहिलेले नाही, पण ते बी.एस्सी. कृषी आहेत आणि याच पट्ट्यातले आहेत, म्हणून एक बोलतो.

मे महिन्याच्या शेवटी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीन बियाण्याच्या पिशवीचा भाव ऐकून शेतकरी डोक्याला हात लावतात. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी गेल्या वर्षीचे सोयाबीन पडून असते आणि ते बी म्हणून बिनदिक्कत वापरता येते, कारण हे पीक स्वपरागसिंचित आहे, म्हणजे त्याच्या फुलाला स्वतःचाच पराग लागतो आणि वाण बदलत नाही. फक्त त्याची उगवण तपासावी लागते. कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, तरी फार थोडे लोक तपासतात. गोणपाट, शंभर दाणे आणि पाणी यांच्याखेरीज त्याला काही लागत नाही. काळी कसदार, तुम्ही हे महाविद्यालयात केलेले आहे. आधी घरच्या बियाण्याचे करा आणि येथे आकडा कळवा. बायोडेटा राहू द्या बाजूला.

बियाणे विकणारा माणूस घरचे बी वापरा असे सांगतो आहे, याचे कोणाला नवल वाटले तर वाटू द्या. उगवलेच नाही तर शिव्या शेवटी मलाच बसतात.

काळी कसदार | १० मे, सकाळी ६.००

दादा, करतो. तसे सोपे आहे, पण पंधरा दिवस थांबून करावे म्हणतो. पेरणीच्या तोंडावर केलेले बरे.

नाशिककरीण | १० मे, सकाळी ११.२५

पंधरा दिवस नकोत. आज शंभर दाणे मोजा आणि मोजून झाले की येथे फक्त 'मोजले' असे लिहा. मी दुपारी दोनला पाहते.

काळी कसदार | १० मे, दुपारी १.५५

मोजले.

काळी कसदार | २ जून, रात्री ९.३०

बरेच दिवस लिहिले नाही. जे झाले ते सांगतो.

त्या दिवशी दुपारी पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढले. फुटके आणि सुरकुतलेले वेगळे काढायचा मोह झाला, पण तसे केले तर चाचणीला अर्थ राहत नाही. गोणपाट स्वच्छ धुऊन ओले केले, त्याच्या एका भागावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून मांडल्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी केली आणि न्हाणीघराजवळच्या सावलीत ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच त्यांनी पाणी मारलेले होते.

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडली. काही दाण्यांना बोटभर मोड, काही नुसते फुगलेले, सात-आठ कुजून बुळबुळीत झालेले. चांगले मोड मोजले तेव्हा ७४ भरले. वडिलांनी पुन्हा मोजले आणि त्यांचेही ७४ भरले. ७० किंवा त्याहून जास्त असेल तर एकरी ३० किलो नेहमीप्रमाणे वापरता येते. वडिलांनी हे त्याच संध्याकाळी पारावर सांगितले, माझ्या नावासह, आणि मी तेव्हा घरात होतो हे बरे झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका पिशवीत दोन मुठी दाणे घेऊन आले. मग आणखी तिघे आले. सध्या न्हाणीघराजवळ नऊ गुंडाळ्या आहेत आणि प्रत्येकीला चिंधीने नाव बांधलेले आहे. आईची आंघोळीची वेळ बदलली म्हणून ती कुरकुरते. 'सध्या काय चाललंय?' हे अजून लोक विचारतात, पण आता त्याआधी 'माझं किती आलं?' असे विचारतात, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे असते. एकाचे ४१ आले. त्यांना 'हे बी पेरू नका' असे तोंडावर सांगावे लागले, तेव्हा माझे पाय लटपटत होते. त्यांना ते आवडले नाही आणि ते तसेच निघून गेले. दोन दिवसांनी त्यांनी मुलाच्या हाती दुसऱ्या पोत्यातले दाणे पाठवले.

बायोडेटाची फाइल परवा उघडली. '२०१५ ते २०२३' या ओळीपुढे 'स्पर्धा परीक्षांची तयारी, पुणे. राज्यसेवा मुलाखतीपर्यंत' एवढे लिहिले. खरे तर तेच लिहायचे होते. पुढच्या पूर्व परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही ते मी अजून ठरवलेले नाही. पुस्तकांची पोती माळ्यावरच आहेत. कृषी पदवीधरांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेमार्फत चालणारी, २००२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची कृषी चिकित्सालयाची (शेती सल्ला केंद्राची) योजना आहे; तिच्या ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची माहिती काढली आहे, अर्ज अजून केलेला नाही.

शास्त्री रोड, तुमच्या खोलीतल्या सहा जणांवरून मला राहून राहून आमची खोली आठवते. त्यातल्या जिन्यात उभ्या राहणाऱ्या मुलाला काल फोन केला. तो जालन्याकडे आहे आणि त्याच्याही घरी सोयाबीन आहे. दाणे मोजून ठेव, असे त्याला सांगितले आहे. आज रात्री दहाला पुन्हा फोन करणार आहे.

बांधावरून दादा, एक शंका. शेजारच्या काकांचे ६३ आले आहेत. त्यांना एकरी किती सांगू?

बांधावरून | ३ जून, सकाळी ७.४०

७०ला ३० किलो, तर ६३ला साडेतेहतीस धरा. आणि पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळायला, म्हणजे बीजप्रक्रिया करायला सांगा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचे नाही, हेही सांगा. पहिल्या सरीला चाडे धरणारे, म्हणजे पेरायला लागणारे, दरवर्षी दुबार पेरणी करतात.

तुमच्या गावापासून माझे दुकान चौदा किलोमीटर आहे, हे परवा फोनवर कळले. बुधवारी सकाळी नऊला या. खताच्या विक्रीसाठी अंगठा घेण्याचे ई-पॉस यंत्र आहे, ते कसे चालते ते दोन-चार गिऱ्हाइकांवर दाखवतो. त्यानंतर मला जरा तालुक्याला जाऊन यायचे आहे. दुपारपर्यंत येतो.